डावं पाणी

सकाळी आमच्या घरावरून विमान जातं. रत्नागिरीच्या धावपट्टीवरून उठून ते मांडवीच्या बाजूने समुद्रावर येतं आणि मग कधी उजवीकडे वेळणेश्वराच्या दिशेने वळतं, कधी डावीकडे नाटे गावाच्या दिशेने. खिडकीशी न जाताही ते कुठे वळलं हे मला आवाजावरून कळतं. पूर्वी आवाज आला की हातातलं काम न थांबवता मी मनात म्हणायची, भाटकर निघाले. आता तसं म्हणत नाही, आणि हातातलं काम मात्र थांबतं.

सदानंद भाटकर गेल्या मार्गशीर्षात गेले. किनाऱ्यावर हवेतून नजर ठेवणाऱ्या आमच्या खात्यात ते निरीक्षक होते. निरीक्षक म्हणजे विमानाच्या कुशीत, बाहेर फुगलेल्या काचेच्या खिडकीशी बसून खालचं पाणी बघत राहणारा माणूस. मासेमारी बंदीच्या दिवसांत चोरून बाहेर पडलेली होडी, तेलाचा तवंग, इंजिन बंद पडून भरकटलेला ट्रॉलर, पाण्यात पडलेलं माणूस, जे दिसेल ते त्याने सांगायचं. मी त्याच खात्यात पगार आणि भत्ते बघायची. त्यांनी समुद्र बघायचा आणि तो किती वेळ बघितला हे मी बघायचं, असं आमचं नातं.

या लोकांचा मूळ पगार बेताचा. घर चालायचं ते उड्डाण भत्त्यावर. हा भत्ता तासावर मिळतो, आणि तास मोजायचा चाकं जमीन सोडतात तिथपासून ती परत टेकेपर्यंत. पावसाळ्यात विमान दिवसेंदिवस जागेवर उभं राहायचं आणि निरीक्षकांच्या पगाराला ओहोटी लागायची. मग ते एकेक करून माझ्या टेबलाशी येत आणि चुकून काही राहिलं असेल तर बघा म्हणत. भाटकर पहिल्यांदा आले ते असेच आषाढात. उंच, किंचित पुढे वाकलेले, चालताना पायाखाली न बघणारे. खुर्ची ओढून बसले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले,

"बाई, एक विचारतंय. विमान टेकला की भत्तो बंद?"

"हो. नियम तसाच आहे."

"पण माझे डोळे टेकणत नाय त्याचा काय? घरी जावन भिंतीकडे बघलंय तरी पाणीच दिसता. काल बायको समोर येवन बसली, तर माका तिच्यात दोन होडये दिसले. त्या वेळाचो भत्तो खय मागूचो?"

मी नवीन होते. नियमांचं पुस्तक उघडून खरोखरच बघू लागले. ते पान उलटेपर्यंत थांबले आणि मग हसले. त्यांचं हसणं फक्त डोळ्यांच्या कडांना असायचं, तोंड आपलं तसंच. तेव्हापासून काम नसलं तरी ते टेबलाशी यायचे. मी डब्याच्या सुट्टीत पुस्तक वाचत असले की म्हणायचे, "वाचा. तुमचा पाणी तुमी बघा." गाव त्यांचं नाटे, आजोळ खाडीपलीकडे विजयदुर्गच्या अंगाला. त्यामुळे बोलणंही दोन्ही काठांचं. रत्नागिरीत इतकी वर्षं काढून त्यांनी ते बदललं नव्हतं.

विमानात त्यांची जागा डावी. "जाताना डावीकडे घर दिसता, येताना डावीकडे समुद्र," असं त्यांचं त्यामागचं कारण. घर म्हणजे नाट्याचं, माडांत बुडालेलं, वरून नुसता कौलांचा एक तुकडा दिसणारं. तेवढं बघून झालं की मग काम.

डब्यात तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका जवळा. बंद विमानात तो डबा उघडला की काय होत असेल याची कल्पना कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आमचे वैमानिक पंजाबकडचे, शाकाहारी. पहिल्याच दिवशी त्यांनी लेखी तक्रार केली. साहेबांनी भाटकरांना बोलावलं. भाटकर साहेबांशी बोलायच्या छापील मराठीत म्हणाले, "साहेब, आम्हाला उड्डाणातला नाश्ता भत्ता मिळतो. भत्त्यात काय खायचं ते कुठे लिहिलेलं नाही." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. खरंच लिहिलेलं नव्हतं. पुढे काही महिन्यांनी भाटकर एकदा उपासाची खिचडी घेऊन गेले, तर कॅप्टनने मागे वळून विचारलं, "भाटकरजी, आज वो बदबू नहीं लाए? नींद आ रही है." भाटकरांना ही गोष्ट सांगायला फार आवडायची. हिंदी वाक्य ते कॅप्टनच्या आवाजात म्हणायचे.

नव्या मुलांना शिकवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांचे नियम दोनच, पण त्यात ते कोणाला सूट देत नसत.

पहिला नियम असा की "काही नाही" म्हणायचं नाही. नवा मुलगा तासभर बाहेर बघून वळायचा आणि म्हणायचा, "सर, काही नाही." भाटकर विचारायचे, "काय नाय? समुद्र नाय? तुका कोणी सांगलान, खाली काय नाय म्हणून?" मुलगा गोंधळायचा. "तू बघलंस, तुका दिसला नाय. एवढाच तुका ठावक. मगे तेवढाच बोल." त्यांच्या हाताखालच्या प्रत्येकाच्या अहवालात त्यामुळे "दिसलं नाही" असंच असायचं. वरच्या ऑफिसने एकदा विचारलंही होतं, ही रत्नागिरीची काय नवी पद्धत?

दुसरा नियम जागा बदलण्याचा. पाणी बघून बघून डोळा बसतो. बघत असतो, पण त्याला दिसेनासं होतं. म्हणून थोड्या थोड्या वेळाने निरीक्षकांनी जागा बदलायची असते. भाटकरांची पद्धत अशी की उठणाऱ्याने काचेवरची नजर न काढता म्हणायचं, "डावं पाणी घ्या." दुसऱ्याने शेजारून काचेला डोळा लावायचा आणि म्हणायचं, "घेतलं." ते ऐकू आल्याशिवाय पहिल्याने नजर काढायची नाही. मधे एक क्षणही पाणी बेवारस राहता कामा नये. ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की चहाला जाताना हातातली पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणायचे, "पाणी घेवा, बाई." आणि मी "घेतलं" म्हणेपर्यंत पिशवीवरचा हात उचलायचे नाहीत. मला त्याने लाजल्यासारखं व्हायचं. ऑफिसात सगळे हसायचे.

त्यांचा धाकटा भाऊ रवी नाट्यालाच असायचा. वडिलांमागे होडी त्याच्याकडे आली होती. एका वर्षी नारळी पौर्णिमा होऊन थोडेच दिवस झाले होते, आभाळ स्वच्छ म्हणून रवी दोन खलाशांना घेऊन गेला आणि दुपारनंतर वारा फिरला. दोघे खलाशी रिकाम्या पिंपाला धरून राहिले. त्यांना दुसऱ्या ट्रॉलरने उचललं. रवी त्यांच्यासोबत नव्हता.

शोध सुरू झाला. जवळच्या नातेवाइकाला अशा उड्डाणात बसवत नाहीत. भाटकर साहेबांसमोर उभे राहिले. "मला रजा द्या. रजेत मी कुठल्या खिडकीशी बसायचं ते माझं मी बघेन." साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं आणि रजेचा अर्ज न घेता त्यांचं नाव उड्डाणाच्या यादीत घातलं. ते रोज गेले. पहिल्या उड्डाणाला गेले, दुसऱ्यालाही गेले. जागा बदलायची वेळ आली की नियमाप्रमाणे उठायचे, "डावं पाणी घ्या" म्हणायचे, आणि उजव्या खिडकीशी जाऊन बसायचे. डबा उघडला नाही. कॅप्टनने त्या दिवसांत एकदा आपल्या डब्यातला पराठा त्यांच्या हातात दिला, तो तसाच हातात धरून ते बाहेर बघत राहिले, असं बरोबरचा मुलगा सांगायचा.

मग आदेश आला आणि शोध थांबला.

शोधाच्या उड्डाणांना नेहमीच्या भत्त्यावर विशेष भत्ता मिळतो. त्याचं बिल मी करते. बिलाला शोधाच्या नकाशाची प्रत जोडायची असते आणि खाली एक छापील ओळ असते, "शोधकार्य समाप्त". तिच्याखाली प्रत्येक निरीक्षकाने सही करायची. सगळ्यांनी केली. भाटकरांसमोर मी कागद ठेवला तेव्हा त्यांनी तो वाचला, ओळीवर बोट ठेवलं.

"संपलो? कोणी सांगलान?"

"साहेबांचा आदेश आहे ना."

"सायबांचो संपलो." कागद त्यांनी हळूच माझ्याकडे सरकवला. "माझो नाय."

बाकीच्यांचे पैसे सुटले, भाटकरांचं बिल माझ्या कपाटात राहिलं. दर वर्षी तपासणीवाले विचारायचे, हे का पडून आहे? मी भाटकरांना विचारायची. ते म्हणायचे, "अजून बघतंय, बाई." आणि ते खरंच होतं. नेहमीच्या गस्तीवर जाताना, होड्या आणि जाळी बघताना, ते रवीलाही बघत होते. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

नाट्याच्या घरी रवीची बायको शालन होती आणि मुलगी प्राजक्ता. शालन बंदरावर मासळी विकायची. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, जशा होत्या तशाच. भाटकर शनिवारी घरी गेले की ती पाण्याचा तांब्या पुढे करून विचारायची, "दिसले?" ते म्हणायचे, "दिसलो नाय." मग ती आत जाऊन जेवायला वाढायची. गावातल्या बायका तिला सांगायच्या, किती दिवस अशी राहशील, जे करायचं ते करून मोकळी हो. ती म्हणायची, "दादांनी सही करूक नाय अजून." माझ्या कपाटातल्या कागदावर एक घर असं उभं होतं, हे मला भाटकरांच्या बायकोने सांगितलं. त्यांच्या निवृत्तीच्या थोडं आधी, एका लग्नात भेटली तेव्हा.

भाटकरांची निवृत्ती जवळ आली त्याच वर्षी प्राजक्ता बारावी झाली. तिला मिरजेला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी निवृत्तीच्या पैशांतून भरायची असं घरात ठरलेलं. भाटकर आनंदात होते. मला म्हणाले, "घरात एक जण जमिनीवर काम करणारा झाला."

त्यांना नियम सांगणं माझ्या वाट्याला आलं. एकाही उड्डाणाचं बिल अडकलेलं असेल तर शेवटचा हिशेब सुटत नाही. विशेष भत्ता मागा किंवा सोडून द्या, दोन्हीला त्या उड्डाणांचं काम संपल्याची सही लागते. मी वर विचारून बघितलं. साहेबांनीही विचारून बघितलं. काही निघालं नाही.

ते ऐकून त्यांनी नुसतं "बरां" म्हटलं. नंतरच्या दिवसांत ते रोज टेबलाशी यायचे. मी कागद पुढे ठेवायची. ते पेन उघडायचे, ओळीकडे बघत बसायचे आणि पेनाला टोपण लावून निघून जायचे. मिरजेची मुदत जवळ येत होती. इकडे पुतणीचं शिक्षण, तिकडे तिच्या आईचं वाट बघणं, आणि दोन्ही एकाच सहीत अडकलेलं. मला त्या पेनाच्या टोपणाचा आवाज नकोसा झाला.

एक दिवस ते म्हणाले, "ही सही माझी एकट्याची नाय. जिची आसा तिका विचारूक व्हया." आणि सोमवारी ते शालनला घेऊन आले.

ती बंदरावरूनच आली होती. साडी बदललेली, पण अंगाला मासळीचा वास होता आणि तो आहे हे तिला ठाऊक होतं. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. भाटकरांनी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. पोरीची फी, नियम, ओळ. ती ऐकत होती, पण बघत होती बिलाला जोडलेल्या नकाशाकडे.

"ह्या काय?"

"ह्यो समुद्र. हे माझे पट्टे." त्यांनी आखलेल्या रेघांवरून बोट फिरवलं. "विमान हयसून गेला, वळला, हयसून परत इला. मगे त्याच्या बाजूसून. ह्या सगळा पाणी मी बघलंय."

"सगळा?"

"सगळा. एकदा बघून सोडूक नाय, परत परत बघलंय."

तिने स्वतःचं बोट रेघांवर ठेवलं. किनाऱ्यापासून निघालं ते बोट एकेक रेघ ओलांडत पश्चिमेला सरकत गेलं. मासळी कापून कापून त्याच्यावर बारीक चिरा पडलेल्या होत्या. रेघा जिथे संपल्या तिथे ते थांबलं आणि मग कोऱ्या निळ्या जागेवर गेलं.

"आणि हय?"

"थय जावक नाय आमी."

"कित्याक?"

"तेल पुरणा नाय, शालन. थयपर्यंत गेला तर विमानाक परत येवक गावचा नाय."

"मगे थय कोणीच बघूक नाय?"

भाटकरांनी माझ्याकडे बघितलं. का, ते मला कळलं नाही. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "कोणीच नाय."

शालनने बोट तिथेच ठेवलं. बाहेर धावपट्टीवर कोणीतरी इंजिन तपासत होतं, त्याने टेबलावरचे कप हलत होते. मग ते थांबलं.

"मगे ते थय आसतले," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, घरात वस्तू कुठे ठेवली ते आठवल्यासारखा. "तुमी हयचा काम केलास, दादानू. हयचीच सही करूची आसा ना? करा. पोरीक जावंदे."

भाटकरांनी सही केली. त्यांची सही नेहमी एका झटक्यात व्हायची. त्या दिवशी त्यांनी शाळेतल्यासारखं एकेक अक्षर लिहिलं.

शेवटच्या उड्डाणाला गेले त्या दिवशी सगळे धावपट्टीवर जमले होते. नारळ, हार, फोटो. त्यांच्यानंतर डाव्या खिडकीशी बसणारा मुलगा विमानात बरोबरच होता. तो नंतर माझ्याकडे येऊन जरा रागानेच म्हणाला, "मॅडम, सर उठले, पण पाणी दिलं नाही. मी काचेला डोळा लावून थांबलो होतो. ते नुसते उठले आणि मागे जाऊन बसले." मी त्याला म्हटलं, विसरले असतील. आम्हा दोघांनाही ते पटलं नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले. प्राजक्ता पहिल्या वर्षाला चांगली पास झाली म्हणून त्यांनी घरी बोलावलं होतं. मी एसटीने नाट्याला गेले. घरी भाटकर नव्हते. शालन म्हणाली, "ते सड्यावर आसत. चला, दाखवतंय." आंबोळगडाकडे जाणाऱ्या वाटेवर जांभ्या दगडाचा उघडा सडा आहे, खाली सरळ समुद्र. टोकाशी एका कातळाला टेकून भाटकर बसले होते. बरेच वाळले होते. डोक्याला पंचा बांधलेला. आमची चाहूल लागली तरी त्यांनी मान वळवली नाही.

"बसा, लेलेबाई. उजवा पाणी बंदरातल्या पोरांचा. डावा माझा."

मी शेजारी बसले. शालन थोडी मागे, सावलीत. ते माझ्याशी बोलत होते, प्राजक्ताचं सांगत होते, तिने वसतिगृहात सुका जवळा नेला आणि खोलीतल्या मुलींनी काय गोंधळ घातला ते सांगत होते, पण नजर पाण्यावर. मधेच वरून आमचं विमान गेलं. त्यांनी वर बघितलं नाही. मग म्हणाले,

"बाई, डोळो बसलो आज. जरा मिटूक व्हये. डावा पाणी घेवा."

ऑफिसात मी कितीदा हा शब्द दिला होता. पिशवीसाठी, छत्रीसाठी, डब्यासाठी. त्या वेळी मात्र मी आधी समुद्राकडे बघितलं, लांब रेघेपर्यंत नीट बघितलं, आणि मग म्हटलं, "घेतलं."

त्यांनी नजर काढली. पंचा डोळ्यांवर ओढला आणि थोड्या वेळात त्यांचा श्वास लांब झाला.

मी बघत राहिले. दोन ट्रॉलर होते. एक पांढरी रेघ होती, ती फेसाची की कशाची ते मला ठरवता येईना. ऊन पाण्यावरून माझ्याकडे येत होतं आणि डोळ्यांना पाणी सुटत होतं, पण पुसायला हात वर नेला तर मधे काही निसटेल असं वाटलं. मी पुस्तकं वाचणारी बाई. एका ओळीवर इतका वेळ मी आयुष्यात थांबले नसेन.

मागून शालन हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमची एसटी."

ही शेवटची गाडी. ते झोपले होते. त्यांना उठवणं बरोबर नव्हतं आणि तशीच निघून जाणंही शक्य नव्हतं. मी समुद्रावरून नजर न काढता तशीच बसून राहिले. शालनला कळलं. ती पुढे आली, पदर खोचून माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "माका देवा."

"डावं पाणी घ्या," मी म्हटलं.

ती बघत होती. तिला बराच वेळ लागला.

"घेतलंय," ती म्हणाली.

एसटी वळणावर आली तेव्हा सडा पुन्हा एकदा दिसला. कातळाला टेकून पंच्याखाली झोपलेले भाटकर, आणि त्यांच्या शेजारी ताठ बसलेली शालन, रेघा जिथे संपतात त्याच्या पलीकडे बघणारी.